बुद्धी, बळ आणि जोड : खेळाडूच्या मनोघडणीविषयी काही विचार

मराठीत व्यायामशाळेला ‘तालीम’ म्हणतात. शब्द अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘शिक्षण’ असा आहे. ‘इल्म’ आणि ‘तालीम’ ही एकाच धातूची अपत्ये होत. उर्दू-हिंदीत तालीम म्हणजे अद्यापही शाळेत मिळणारी विद्या. मराठीत येताना मात्र या शब्दाने पाटीपुस्तक बाजूस ठेवून लंगोट कसला आणि तो तांबड्या मातीच्या हौद्यात उतरला. पुढे नाटकमंडळींनी त्याला आपल्याकडे नेले, तेव्हाही पुनःपुन्हा करून अंगी मुरविणे हाच त्याचा आशय कायम राहिला. तालमीच्या प्रमुखास आपण ‘वस्ताद’ म्हणतो. तोही फारसी ‘उस्ताद’, म्हणजे गुरुजीच. व्युत्पत्तीवरून समाजाचे विचार सिद्ध करू पाहणे ही आमच्या शास्त्रातील एक जुनी खोड आहे आणि तिचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. तथापि शरीर कमावण्याच्या जागेचे आणि तेथील प्रमुखाचे अशी दोन्ही नावे ज्या भाषेने शिक्षणाच्या कोशातून उचलली, त्या भाषेत खेळाडूच्या बुद्धीविषयी काही विचार झालेला असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे.

ही शंका आज घेण्याचे निमित्त नागपूरचे आहे. दिनांक २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. त्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती. तिच्या कौतुकात जे लिहिले व बोलले गेले त्याचा सूर बहुतांशी एकच होता : उपजत बुद्धी, असामान्य एकाग्रता, पोलादी मन. कौतुकाच्या भाषेवर टीका करणे अरसिकपणाचे ठरेल. परंतु अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. ही बुद्धी आणि हे मन घडते कशाने? आमच्या पदव्युत्तर वर्गांत हा विषय प्रेरणा, एकाग्रता, दडपण, आत्मविश्वास अशी प्रकरणे पाडून शिकविला जातो, आणि त्यामुळे खेळाडूचे मन म्हणजे त्याच्या कवटीत बंद असलेले एक यंत्र आहे असा समज सहज होतो. या विषयाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. खेळाडूची बुद्धी ही प्रामुख्याने त्याच्या खेळाचे साठविलेले ज्ञान असते. हे ज्ञान आपल्यापेक्षा सरस माणसाशी झुंजल्याने वाढते. आणि अशी झुंज कोणाच्या वाट्यास यावी हे त्याचे मन ठरवीत नाही, समाज ठरवितो. तालमीच्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे : जोड.

१

प्रथम त्या भाषेकडेच वळू. कुस्तीत ‘डाव’ म्हणजे प्रतिस्पर्ध्यास चीत करण्याची एक विशिष्ट कृती. बुद्धिबळात व पत्त्यांत ‘डाव’ म्हणजे संपूर्ण खेळी. कुस्तीतील प्रत्येक डावाला नाव आहे : ढाक, कलाजंग, धोबीपछाड, एकलांगी, झोळी, भारंदाज. आणि प्रत्येक डावाला ‘तोड’ आहे. बडोद्यास १९३६ ते १९४९ या काळात दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांच्या संपादनाखाली निघालेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ ज्याने चाळला असेल त्याला ही परंपरा वर्गीकरणाच्या बाबतीत किती काटेकोर होती हे वेगळे सांगावयास नको. नाव ही येथे शोभेची वस्तू नाही. नवख्या माणसास कुस्ती पाहताना दोन शरीरांचे हात, पाय, माना, पाठी असे सुटे अवयव दिसतात. जाणकारास ‘कलाजंग लागली’ एवढे एकच दिसते, आणि ते दिसण्याच्या क्षणीच तिची तोडही त्याला सुचलेली असते. अनेक घटकांची मांडणी एका नावाखाली एकवटून ओळखण्याची ही शक्ती आहे. तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

‘दम’ हा दुसरा शब्द. दम म्हणजे श्वास. परंतु ‘दम धर’ म्हणजे धीर धर, ‘दम निघत नाही’ म्हणजे उतावळेपणा, ‘दम देणे’ म्हणजे धाक घालणे, आणि ‘दमछाक’ म्हणजे थकवा. हुतुतूच्या मैदानावर हे सर्व अर्थ एकाच वेळी जिवंत असतात : चढाई करणाऱ्याचा श्वास टिकला तरच त्याचा धीर टिकतो, आणि धीर सुटला की श्वासही सुटतो. आज आपण ‘मानसिक दडपण’ आणि ‘शारीरिक क्षमता’ अशी दोन खाती उघडली आहेत. हिशेबाच्या सोयीसाठी ती असावीत, पण हा हिशेब मैदानावरील अनुभवाचा नव्हे.

आता ‘जोड’. जोड म्हणजे तुल्यबळ प्रतिस्पर्धी. कुस्त्या ठरविण्याला ‘जोडी लावणे’ म्हणतात. ‘त्याला जोड नाही’ हा नित्याच्या बोलीत परमोच्च गौरव आहे, पण तालमीत तीच मोठी आपत्ती होय. ज्या पहिलवानाला आपल्या गावी जोड उरत नाही त्याने गाव सोडावे, मोठ्या तालमीत जाऊन नव्या लोकांकडून पडावे आणि त्यातून शिकावे, असा या विद्येचा व्यवहार होता. कोल्हापूरच्या तालमी भरल्या त्या नुसत्या राजाश्रयाने नव्हेत. जेथे जोड मिळते तेथे पहिलवान जातात, आणि पहिलवान जातात म्हणून तेथे जोड मिळते.

जोड नसेल तर काय करावे, याचेही उत्तर या परंपरेने शोधले होते, आणि ते विलक्षण आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ज्या विद्येला रूप दिले तो मल्लखांब आज आपण कसरतीचा स्वतंत्र प्रकार म्हणून पाहतो. नावातच सांगितल्याप्रमाणे तो खांबाच्या रूपाने उभा केलेला मल्ल आहे. पकडी, अढ्या, उड्या यांचा सराव जिवंत माणसावर अहोरात्र करता येत नाही; खांब थकत नाही, रागावत नाही आणि रात्री घरीही जात नाही. अर्थात तो उलट डावही टाकीत नाही. एकट्याने करावयाचा अभ्यास आणि जोडीने करावयाचा अभ्यास यांचे परस्परप्रमाण काय असावे, हा आजच्या क्रीडामानसशास्त्रातील एक चर्चेचा प्रश्न आहे. खांब आणि जोड या दोन शब्दांत तो आपल्याकडे दीडदोनशे वर्षांपूर्वीच मांडला गेला होता असे म्हणावयास हरकत नाही.

२

पाश्चात्त्य प्रयोगशाळांनी या प्रश्नांस हात घातला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि योगायोगाने आरंभीचे दोन प्रयत्न नेमके जोड व डाव यांच्याविषयीच होते.

अमेरिकेतील नॉर्मन ट्रिपलेट याने १८९८ साली सायकलस्वारांच्या शर्यतींची आकडेवारी तपासून दाखविले की, एकटा धावणारा स्वार जेवढ्या वेगाने जातो त्याहून अधिक वेगाने तो दुसऱ्याच्या संगतीत जातो. मग त्याने मुलांना मासेमारीच्या गळाचे चाक एकट्याने व जोडीने फिरवावयास लावून तोच प्रयोग घरात केला. क्रीडामानसशास्त्राचा हा पहिला प्रयोग म्हणून गणला जातो. त्याचे आकडे पुढे नव्याने तपासले गेले तेव्हा परिणाम मूळ लेखात वाटतो तेवढा ठळक नव्हता असे आढळले, हेही नमूद केले पाहिजे. १९६५ मध्ये रॉबर्ट झायन्स याने या विचारास एक महत्त्वाची दुरुस्ती सुचविली : दुसऱ्याच्या उपस्थितीने अंगी मुरलेले कौशल्य उजळते, आणि न मुरलेले बिघडते. म्हणजे प्रेक्षकांनी भरलेल्या मैदानात जो ढेपाळतो त्याचे ‘मन कच्चे’ असते असे नाही; पुष्कळदा त्याची तालीम कच्ची असते.

दुसरा प्रयत्न फ्रान्समध्ये आल्फ्रेद बिने याचा. बुद्धिमापनासाठी पुढे प्रसिद्ध झालेल्या या पंडिताने १८९४ साली, पटाकडे न पाहता बुद्धिबळ खेळणाऱ्यांवर एक ग्रंथ लिहिला. या खेळाडूंच्या मनश्चक्षूंपुढे पटाचे छायाचित्रच उभे राहत असले पाहिजे, अशी त्याची अपेक्षा होती. खेळाडूंनी त्याची निराशा केली. सोंगट्यांचा रंग व आकार त्यांना दिसत नव्हता. कोणती सोंगटी कोणावर रोखलेली आहे, कोठे जोर आहे, कोठे धोका आहे, असे संबंध मात्र त्यांना ठाऊक होते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. वाक्य लक्षात राहते ते त्यातील ध्वनींच्या चित्राने नव्हे, तर पदांच्या परस्परसंबंधांमुळे.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. काश्मीरच्या रुद्रटाने नवव्या शतकात ‘काव्यालंकारा’मध्ये तुरगपद नावाचा एक चित्रबंध दिला आहे. बत्तीस अक्षरांचा श्लोक अर्ध्या पटाच्या बत्तीस घरांत मांडावयाचा. मग तो सरळ ओळीने वाचा किंवा घोड्याच्या अडीच घरांच्या चालीने वाचा, श्लोक तोच निघतो. बाराव्या शतकातील कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ हा मराठीच्या अभ्यासकास त्यातील प्राचीन मराठी पदांमुळे ठाऊक असतो. त्याच ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मल्लांच्या कुस्त्याही आहेत आणि चतुरंगाचा खेळही आहे. पट आणि पद्य, मल्ल आणि मोहरा यांची ही शेजारे जुनी आहेत. ‘बुद्धिबळ’ हा आपला समासही त्याच शेजाराची साक्ष देतो. संस्कृतात ‘बल’ म्हणजे सामर्थ्य तसेच सैन्यही. तेव्हा ‘बुद्धीचे सामर्थ्य’ आणि ‘बुद्धीचे सैन्य’ असे दोन्ही विग्रह या शब्दास पेलतात. पैकी दुसरा प्रस्तुत लेखकास अधिक पसंत आहे, कारण सैन्य हे जन्मजात नसते; ते जमवावे लागते.

मूळ मुद्द्याकडे येऊ. मॉस्को येथे १९२५ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी जाकोव, पेत्रोव्स्की व रुदिक या तिघा रशियन मानसशास्त्रज्ञांनी तेथील काही निष्णात खेळाडूंच्या स्मृतीची, अवधानाची व कल्पनाशक्तीची परीक्षा घेतली. निष्कर्ष असा निघाला की सामान्य स्मृतीत हे लोक इतरांहून विशेष सरस नाहीत. सरस आहेत ते केवळ बुद्धिबळाच्या पटाशी संबंधित गोष्टींत. ‘बुद्धिबळ खेळणारा तो बुद्धिमान’ या लोकसमजास हा पहिला धक्का होता.

दुसरा व अधिक मोठा धक्का हॉलंडमधून आला. आद्रियान डी ग्रूट हा स्वतः आपल्या देशाच्या संघातून खेळलेला होता. त्याने आल्येखिन, केरेस, मॅक्स युवे यांसारख्या जगातील अग्रगण्य खेळाडूंपुढे एकेक स्थिती मांडून त्यांना मोठ्याने विचार करावयास सांगितले, आणि तेच साधारण कुशल खेळाडूंकडूनही करून घेतले. हा प्रबंध १९४६ साली डच भाषेत आणि १९६५ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. श्रेष्ठ खेळाडू पुढच्या चाली अधिक खोलवर मोजत असेल, अशी सर्वांची समजूत होती. तसा मोठा फरक आढळला नाही. फरक होता तो पहिल्या काही क्षणांत. चांगली चाल श्रेष्ठाला प्रथमच ‘दिसत’ होती, इतरांना ती शोधूनही सापडत नव्हती. प्रत्यक्ष डावातील स्थिती काही सेकंद दाखवून पट झाकला तरी श्रेष्ठ खेळाडू ती जवळजवळ पूर्ण मांडून दाखवीत.

विल्यम चेस व हर्बर्ट सायमन या दोघांनी १९७३ मध्ये या प्रयोगाला एक साधी पण निर्णायक जोड दिली : तेवढ्याच सोंगट्या पटावर वाटेल तशा विखरून ठेवल्या. श्रेष्ठाचे श्रेष्ठत्व बहुतांशी नाहीसे झाले. (पुढील संशोधनात थोडासा वरचढपणा तेव्हाही टिकतो असे दिसले, पण तो थोडासाच.) निष्कर्ष उघड होता. श्रेष्ठ खेळाडूला पंचवीस सोंगट्या दिसत नाहीत. त्याला पाच-सहा परिचित जुळण्या दिसतात. अशा किती जुळण्या त्याच्या स्मृतीत असाव्यात याचा अंदाज त्यांनी दहा हजारांपासून एक लाखापर्यंत बांधला, आणि त्याची तुलना केली ती सुशिक्षित वाचकाच्या शब्दसंग्रहाशी. कलाजंग ओळखणाऱ्या वस्तादाची नजर हीच आहे. तो हातपाय पाहत नाही, शब्द वाचतो.

या सिद्धान्ताचा एक परिणाम फारसा ध्यानात घेतला जात नाही. ज्ञान जर अशा जुळण्यांचे असेल, तर जुळण्या बदलताच ज्ञान पांगळे होणार. खाशाबा जाधव हे १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले ते मातीत वाढलेले मल्ल म्हणून. तेथे मॅट होती, नियम निराळे होते, पकडीचे व गुणांचे हिशेब निराळे होते. ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्याच माणसाने बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले, आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारातील पहिले पदक लाभले. लंडन आणि हेलसिंकी यांच्यामध्ये खाशाबांचे धैर्य वाढले असे म्हणण्यापेक्षा त्यांचा शब्दसंग्रह वाढला असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल. धैर्य लंडनलाही कमी नव्हते. कमी होती ती मॅटवरची जोड.

३

आता ही जोड मिळते कोणाला? येथे मानसशास्त्र थांबते आणि इतिहास सुरू होतो.

मीर सुलतानखान हा पंजाबातील खेळाडू भारतीय पद्धतीचे बुद्धिबळ शिकून मोठा झाला. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर चाले आणि आजच्या अर्थाने किल्लेकोट नसे. सर उमर हयातखान यांच्या आश्रयाने तो युरोपीय नियम शिकला, १९२८ साली अखिल भारतीय विजेता झाला, आणि विलायतेत १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदाची माळ त्याच्या गळ्यात पडली. कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्यालाही त्याने हरविले. प्रारंभीच्या चालींचे पुस्तकी ज्ञान त्याच्याजवळ नव्हते. याच गोष्टीचा दाखला देऊन त्याला ‘निसर्गदत्त प्रतिभा’ ठरविण्यात आले. परंतु त्याची कारकीर्द पाच वर्षांतच का संपली याचे उत्तर प्रतिभेत नाही. आश्रयदाता १९३३च्या अखेरीस मायदेशी परतला, त्याच्याबरोबर सुलतानखानही परतला. त्यानंतर त्याला जोड उरली नाही. त्याच घरातील नोकर स्त्री फातिमा हिनेही १९३३ साली ब्रिटिश महिलांचे अजिंक्यपद मिळविले होते. तिचे नाव आज किती जणांस ठाऊक आहे? एकाच घरातील दोघांनी एकाच वर्षी ब्रिटनची दोन्ही अजिंक्यपदे मिळवावीत, ही गोष्ट निसर्गापेक्षा घराविषयी अधिक सांगते.

मराठी मुलखात याचे उदाहरण म्हणजे मुंबईच्या खाडिलकर भगिनी. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे नातू आणि ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री व रोहिणी या तीन कन्या. भारतात महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली सुरू झाली, तिचे पहिले विजेतेपद वासंतीला मिळाले, आणि त्यानंतरच्या पहिल्या दशकात हे पद याच घरात फिरत राहिले. एका घरात तीन असामान्य मेंदू जन्मास आले असे कोणी म्हणेल. तीन बहिणींना घरबसल्या तीन वेगवेगळ्या जोडी मिळाल्या, हे स्पष्टीकरण कमी चमत्कारिक आहे. हंगेरीतील पोल्गार भगिनींच्या बाबतीत पुढे जगाने ज्याची चर्चा केली, तो प्रयोग कोणतीही घोषणा न करता मुंबईत आधीच झाला होता.

पण घरातली जोड एका टप्प्यानंतर अपुरी पडते. रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तेव्हा तिचे वय तेरा होते. तेथील काही खेळाडूंनी तिच्या सहभागास हरकत घेतली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी निर्वाळा दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. हे अध्यक्ष कोण? मॅक्स युवे : १९३५ ते १९३७ या काळातील जगज्जेता, गणिताचा पंडित, आणि डी ग्रूटच्या प्रयोगात बसून मोठ्याने विचार करणाऱ्यांपैकी एक. श्रेष्ठ खेळाडूची नजर सरावाने घडते हे दाखविणाऱ्या संशोधनात ज्याने आपले डोके तपासू दिले, त्याच माणसाच्या सहीने एका मराठी मुलीचा त्या सरावाचा हक्क मान्य व्हावा, हा योगायोग इतिहासकारास टाळून पुढे जाता येत नाही. रोहिणी १९८१ साली आशियाई विजेती झाली.

हरकत घेणाऱ्यांची बाजू काय असू शकेल? स्त्रियांची बुद्धीच या खेळास कमी पडते, हा समज तेव्हा उघडपणे बोलला जाई व आजही कुजबुजीने बोलला जातो. या संदर्भात मेरिम बिलालिच व त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जर्मनीतील खेळाडूंच्या नोंदींवरून असे दाखविले की सर्वोच्च श्रेणीतील स्त्री-पुरुषांमध्ये जी तफावत दिसते तिचा फार मोठा भाग केवळ संख्येने उलगडतो : मुली कमी खेळतात म्हणून शिखरावर कमी दिसतात. या गणितावर आक्षेपही घेतले गेले आहेत. आने मास व सहकारी यांच्या २००८ च्या इटलीतील प्रयोगात एकाच प्रतिस्पर्ध्याशी खेळणाऱ्या स्त्रियांचा खेळ, समोर पुरुष आहे असे सांगितले असता खालावला आणि समोर स्त्री आहे असे खोटेच सांगितले असता खालावला नाही. उलट २०१८ मध्ये टॉम स्टॅफर्ड याने प्रत्यक्ष स्पर्धांतील विपुल डाव तपासले तेव्हा पुरुषांशी खेळताना स्त्रियांचा खेळ अपेक्षेहून किंचित सरसच आढळला. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. प्रयोगात बसलेली स्त्री आणि वर्षानुवर्षे खुल्या स्पर्धांत खेळून तावून सुलाखून निघालेली स्त्री या दोघींच्या तालमीत फरक आहे; झायन्सचे सूत्र येथेही लागू पडावे.

४

नागपूरकडे येण्यापूर्वी खांब आणि जोड यांचा हिशेब थोडक्यात पुरा करू. नील चार्नेस व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये असे मांडले की खेळाडूच्या श्रेणीचा सर्वांत चांगला अंदाज त्याने एकांतात केलेल्या गंभीर अभ्यासाच्या तासांवरून येतो. फर्नांड गोबे व गियेर्मो कॅम्पितेली यांना २००७ मध्ये अर्जेंटिनाच्या खेळाडूंत उलट दिसले : इतरांसह केलेला सराव व स्पर्धा यांचा संबंध अधिक दृढ होता. त्याच अभ्यासात निष्णातपदास पोचण्यास कोणाला सुमारे तीन हजार तास पुरले, तर कोणाला तेवीस हजारांहून अधिक लागले. दहा हजार तासांचा जो मंत्र आजकाल सर्वत्र जपला जातो त्याचा या आकड्यांपुढे टिकाव लागणे कठीण आहे. तसेच, सर्व काही सराव आहे असे म्हणणाऱ्यांनाही ही तफावत समजावून सांगता येत नाही. माणसामाणसांत उपजत भेद असतात. प्रस्तुत लेखाचा आग्रह एवढाच की त्या भेदांविषयी बोलण्यापूर्वी कोणाला कोणती जोड मिळाली हे विचारावे.

विदर्भात हा प्रश्न फार काळ अडचणीचा होता. कुस्ती, मल्लखांब, कबड्डी यांसाठी अमरावतीचे १९१४ मध्ये स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ होते. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. बुद्धिबळाची केंद्रे मात्र दूर होती : मुंबई, सांगली, आणि मुख्यतः मद्रास. विश्वनाथन आनंद १९८८ साली भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला, प्रवीण ठिपसे हे १९९७ मध्ये महाराष्ट्राचे पहिले. विदर्भात ही पदवी यावयास २०१५ साल उजाडले. त्या वर्षी अमरावतीचा स्वप्नील धोपाडे ग्रँडमास्टर झाला. आणि मग नागपुरात दहा वर्षांच्या आत तिघे झाले : रौनक साधवानी २०१९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, संकल्प गुप्ता २०२१ मध्ये, दिव्या देशमुख २०२५ मध्ये. नागपूरच्या मुलांची बुद्धी २०१९ साली एकाएकी वाढली असे कोणी म्हणणार नाही.

काय बदलले होते? एक तर खांब बदलला. १९९७ साली कास्पारोव संगणकाकडून हरला, तेव्हा माणसाचा पराभव म्हणून हळहळ व्यक्त झाली. पण त्याचा दूरचा परिणाम असा की जगज्जेत्याहून बलवान असा एक मल्लखांब नागपुरातील साध्या घरातही उभा राहू शकला. पूर्वी रशियन पुस्तके व मासिके ज्याला मिळत तो पुढे जाई. आता ती विषमता पुष्कळ कमी झाली. आणि हा खांब उलट डावही टाकतो. तथापि तो घाबरत नाही, घाई करीत नाही, त्याचे घड्याळ त्याला खात नाही. ‘दम’ ज्याला म्हणतात तो त्याच्याकडून शिकता येत नाही. तो समोरच्या माणसाकडूनच शिकावा लागतो. दुसरे असे की जोडही बदलली. आंतरजालावरील डावांनी आणि वाढत्या खुल्या स्पर्धांनी ती घरापर्यंत आली, आणि एका गावात दोन-तीन समवयस्क तोलाचे निघाले की त्यांतला प्रत्येक जण दुसऱ्यांसमोर आपण कोठे आहोत हे रोज पाहू शकतो. कोल्हापूरच्या तालमींचे गणित येथे पुन्हा मांडले गेले.

बातुमीचा अंतिम सामना या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. दिव्याला स्पर्धेत पंधरावे मानांकन होते आणि ग्रँडमास्टर पदासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्या नावावर नव्हता. झू जिनेर, हरिका द्रोणवल्ली आणि माजी जगज्जेती तान झोंगयी यांना हरवून ती अंतिम फेरीत आली; तान हिच्याविरुद्धचा निर्णायक डाव १०१ चालींचा झाला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी होत्या. हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाल्या तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटल्यावर निकाल जलद डावांवर आला, आणि जलद बुद्धिबळाचे महिलांचे विश्वविजेतेपद त्या वेळी हंपींकडेच होते. दुसऱ्या जलद डावात, घड्याळातील क्षण संपत आले असता, हंपींच्या हातून चूक झाली आणि दिव्या दीड विरुद्ध अर्ध्या गुणाने जिंकली. या विजयाने तिला नॉर्मशिवाय थेट ग्रँडमास्टर पद मिळाले. भारताची ती अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर आणि त्यांतील चौथी स्त्री.

येथे ‘पोलादी मन’ हा शब्द वापरण्याचा मोह होतो. पण दिव्याच्या मागे काय होते ते पाहावे : २०२२ चे राष्ट्रीय महिला विजेतेपद, २०२३ चे आशियाई, २०२४ चे वीस वर्षांखालील मुलींचे विश्वविजेतेपद, त्याच वर्षी बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये संघाचे आणि स्वतःचे वैयक्तिक सुवर्णपदक. निर्णायक क्षणी हात न थरथरणे हा गुण अशा किती क्षणांतून तयार होतो! आणि या वाटेवर जोडीव्यतिरिक्त आणखी काय काय सोसावे लागते तेही तिने लपविलेले नाही. जानेवारी २०२४ मध्ये हॉलंडमधील वाइक आन झी येथील स्पर्धेनंतर तिने जाहीरपणे लिहिले की स्त्री खेळाडूंच्या बाबतीत प्रेक्षकांचे लक्ष खेळापेक्षा केस, कपडे व बोलण्याची ढब यांवर अधिक असते. मानसिक दडपण हे प्रकरण शिकविताना त्याचे उगमस्थान केवळ खेळाडूच्या स्वभावात शोधणाऱ्यांनी हे विधान विद्यार्थ्यांपुढे ठेवावे.

विश्वचषकानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये समरकंद येथे ग्रँड स्विस स्पर्धा झाली. तेथे महिलांचा गट स्वतंत्र होता. दिव्याने खुल्या गटात खेळणे पत्करले, आणि त्यात जगज्जेता गुकेश याच्याशी डाव बरोबरीत सोडविला. त्याच वर्षअखेरीस गोव्यात झालेल्या खुल्या विश्वचषकातही ती उतरली व पहिल्याच फेरीत हरली. कोणत्याही न्यायालयात जाण्याची गरज पडली नाही; कोणी हरकत घेतल्याचेही वृत्त नाही. १९७६ आणि २०२५ यांच्या दरम्यान जे घडले ते मेंदूत घडलेले नाही.

या विषयाचे पुष्कळसे साहित्य अद्याप आपल्याच शहरात विखुरलेले आहे. जुन्या स्थानिक स्पर्धांतील हस्तलिखित डाव, त्यांवरील नावे, कोण कोणाशी किती वेळा खेळले याच्या नोंदी घरोघरच्या कपाटांत असतील; तालमींतील वयोवृद्ध वस्तादांच्या तोंडी डावांची व तोडींची अशी नावे असतील की जी कोणत्याही कोशात नाहीत. पहिल्या साहित्यावरून नागपुरात जोड कशी तयार होत गेली हे वर्षावार दाखविता येईल, आणि दुसऱ्यावरून खेळाडूची नजर भाषेत कशी साठविली गेली ते. दोन्ही कामे एकेका पदव्युत्तर प्रबंधिकेच्या आवाक्यातील आहेत. त्यांतील दुसरे अधिक तातडीचे आहे, कारण कागद काही काळ थांबू शकतो.